बाबेलचा हिशेब

तिसऱ्या शतकाच्या मध्यावर इजिप्तमधल्या आर्सिनोए भागात ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये फूट पडली होती. कारण होते एक पुस्तक. तिथला बिशप नेपोस याने ते लिहिले होते आणि नव्या कराराच्या शेवटी येणाऱ्या ‘प्रकटीकरणा’तले ख्रिस्ताचे हजार वर्षांचे राज्य याच पृथ्वीवर, याच देहाने भोगायचे आहे, असे त्यात मांडले होते. नेपोस वारला, पण खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांत त्याचा शब्द वेदवाक्य ठरला. तेव्हा अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस स्वतः तिथे गेला. गावोगावचे वडील आणि शिक्षक यांना त्याने एकत्र बसवले आणि तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळ्यांदेखत ते पुस्तक तपासले. अखेर त्या मताचा म्होरक्या कोराकियोन याने सर्वांसमोर आपला आग्रह सोडला. डायोनिसियसने नंतर या बैठकीची जी हकीकत लिहिली ती युसेबियसच्या इतिहासग्रंथात टिकून आहे. तिच्यात विजयाचा तोरा कुठेही नाही. समोरच्या खेडुतांनी शंका कशा नीट मांडल्या, पटलेले कसे मोकळेपणाने मान्य केले, याचे कौतुकच अधिक आहे.

मग त्याने मूळ ‘प्रकटीकरण’च हाती घेतले. योहानाचे शुभवर्तमान आणि हे पुस्तक समोरासमोर ठेवून त्याने दोन्हींची शब्दकळा, विचारांची ठेवण आणि भाषा ताडून पाहिली. शुभवर्तमानात जीवन, प्रकाश, सत्य, कृपा या कल्पना पुन्हापुन्हा येतात; इथे त्या जवळजवळ नाहीतच. तिथली ग्रीक भाषा निर्दोष आहे; इथली रांगडी, व्याकरणाला धक्के देणारी. म्हणजे लिहिणारा योहान दुसरा कोणीतरी असला पाहिजे. इफिसमध्ये योहानाच्या म्हणून दोन कबरी दाखवतात, हेही त्याने नोंदवले. प्रेषिताची सही काढून घेतल्यावर पुस्तकही टाकून द्यावे, असे त्याच्या आधीच्या काहींचे म्हणणे होते. डायोनिसियस तसे करत नाही. जे आपल्या बुद्धीला झेपत नाही ते खोटे, असे तो मानत नाही. उलट त्यात आपल्या आकलनापलीकडचे काही असावे असे धरून चालतो. निर्भय चिकित्सा आणि खरा आदर एकाच माणसात इतक्या सहजपणे नांदताना क्वचितच दिसतात. या पुस्तकाच्या अभ्यासकांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो हा पहिला अभ्यासक.

सारे मिळून ४०४ ओव्यांचे हे पुस्तक. आशिया प्रांतातल्या सात शहरांना सात पत्रे, मग सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या. सूर्य नेसलेली स्त्री आणि तिच्या बाळावर टपलेला अजगर. समुद्रातून वर येणारे श्वापद. बाबेल नगरीचा नाश. आणि स्वर्गातून उतरणारे नवे यरुशलेम. प्रत्येक पिढीने त्यात आपापला शत्रू शोधला. कोणाला श्वापद पोपमध्ये दिसले, कोणाला नेपोलियनमध्ये. ल्यूथरने १५२२ साली आपल्या प्रस्तावनेत या पुस्तकाविषयीची नाखुशी उघड नोंदवली. नव्या करारावर इतके भाष्य लिहिणाऱ्या कॅल्व्हिनने याच्यावर भाष्य लिहिलेच नाही. ग्रीक ऑर्थोडॉक्स मंडळीच्या उपासनेतल्या नेमून दिलेल्या वाचनांत आजही ते येत नाही. पुस्तक पवित्र, पण त्याला हात लावताना सगळेच बिचकलेले.

गेल्या दोनशे वर्षांतल्या अभ्यासाने या पुस्तकाला त्याचा स्वतःचा काळ परत मिळवून दिला. भविष्याचे कोडे म्हणून वाचले तर ते आपल्याला गुंतवून ठेवते आणि मोकळे सोडते. त्याच्या काळात नेऊन वाचले तर ते असा एक प्रश्न विचारते, ज्यातून खाऊनपिऊन सुखी असलेल्या कोणालाही सुटका नाही.

या वाङ्मयप्रकाराचे मूळ यहुदी परंपरेत आहे, आणि त्याचा सर्वांत ओळखीचा नमुना म्हणजे दानीएलाचे पुस्तक. कथा बाबेलच्या दरबारातली, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातली. पण तिसऱ्याच शतकात पॉर्फिरी या ख्रिस्ती धर्माच्या विरोधकाने दाखवून दिले की हे पुस्तक अंतियोख एपिफानेस या राजाच्या काळात, म्हणजे इ.स.पू. १६७ ते १६४ च्या सुमारास लिहिले गेले. अंतियोखाने यरुशलेमच्या मंदिरातली यहुदी उपासना बंद पाडली, तेव्हाचा हा लेखक. त्याच्या अकराव्या अध्यायात राजांच्या लढाया आणि सोयरिकी थक्क करणाऱ्या अचूकपणे येतात आणि त्या राजाच्या मरणापाशी येताच चुकतात. तो समुद्र आणि पवित्र डोंगर यांच्यामध्ये मरेल असे पुस्तक सांगते. प्रत्यक्षात तो दूर पर्शियात मेला. पॉर्फिरीची पोथी नष्ट करण्यात आली. त्याचा युक्तिवाद आपल्यापर्यंत आला तो त्याचे खंडन करणाऱ्या जेरोमच्या भाष्यातून. आज तो बहुतेक सगळ्या अभ्यासकांना मान्य आहे. जुन्या ऋषितुल्य माणसाच्या तोंडून आपल्या काळाचे संकट वदवायचे, ही या लेखकांची रीत होती. तिला फसवणूक म्हणणे मला अन्यायाचे वाटते. छळ सोसणाऱ्या माणसाला आपले दुःख कोणीतरी आधीच जाणले होते, एवढा आधार हवा असतो.

योहानाने मात्र ही रीत मोडली. तो कोणा प्राचीन पुरुषाचा मुखवटा घेत नाही. स्वतःचे नाव सांगतो, पात्म बेटाचे नाव सांगतो, आणि ज्यांना लिहितो त्यांचे पत्तेही देतो.

दानीएलाहून जुने असे या प्रकारातले लेखन हनोखाच्या पुस्तकात आहे. ते पुस्तक युरोपात जवळजवळ हरवलेच होते. नव्या करारातल्या यहुदाच्या छोट्या पत्रात त्याचा आधार घेतलेला आहे, एवढी आठवण होती आणि काही ग्रीक तुकडे होते. इथिओपियाच्या मंडळीने मात्र ते बायबलचा भाग म्हणून अखंड जपले होते. जेम्स ब्रूस या स्कॉटिश प्रवाशाने १७७३ मध्ये तिथल्या गीझ भाषेतल्या हस्तलिखित प्रती युरोपात आणल्या, आणि १८२१ मध्ये रिचर्ड लॉरेन्स यांचे इंग्रजी भाषांतर निघाले. पुढे १९५२ मध्ये मृत समुद्राकाठी कुमरानच्या चौथ्या गुहेत त्याच पुस्तकाचे अरामी तुकडे सापडले. त्यांतले सर्वांत जुने तुकडे इ.स.पू. २०० च्या आसपासचे आहेत. योहानाच्या दर्शनांतले कितीतरी घटक तिथे आधीच आहेत: स्वर्गातली सफर, बंदिवान दूत, सिंहासनावर बसलेला न्यायाधीश, बलवंतांचा निकाल. ज्यांना युरोपने धर्माच्या काठावरचे समजले त्यांनीच हा धागा तुटू दिला नाही, ही गोष्ट इथिओपियाचे ऋण मानून सांगायला हवी.

त्याहूनही खोल पाझर हेर्मान गुंकेल या जर्मन पंडिताने १८९५ मध्ये दाखवले. निनवेच्या अवशेषांतून निघालेल्या विटांवर बाबिलोनी सृष्टिकथा वाचली जाऊन तेव्हा जेमतेम वीस वर्षे झाली होती. समुद्ररूपी राक्षसी तियामत आणि तिला मारून जग घडवणारा मर्दुक यांची कथा तिच्यात होती. गुंकेलने म्हटले, ‘प्रकटीकरणा’च्या बाराव्या अध्यायातला अजगर योहानाने आपल्या मनाने रचलेला नाही. आरंभीचे ते युद्धच इथे अंताच्या जागी ठेवलेले आहे. १९२९ पासून सीरियाच्या किनाऱ्यावर उगारितचे उत्खनन सुरू झाले आणि सात डोक्यांचा सर्प कनानी काव्यातही सापडला. १९७६ मध्ये अडेला यार्ब्रो कॉलिन्स यांनी आणखी एक बाजू पुढे आणली. गरोदर लेतोच्या मागे लागलेला पायथन अजगर आणि पुढे त्याला मारणारा तिचा मुलगा अपोलो, ही ग्रीक कथा आशिया प्रांतात घरोघर माहीत होती, आणि ऑगस्टस व नीरो यांच्यासारखे सम्राट स्वतःला अपोलोच्या रूपात मिरवत. सम्राटाने स्वतःसाठी घेतलेली कथा योहान त्याच्या हातून काढून घेतो. अपोलोच्या जागी मशीहा येतो आणि सम्राट अजगराच्या गोटात जातो. अशी जागांची अदलाबदल वाचकाला कळत होती, म्हणूनच तिला धार होती.

इराणचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे, आणि त्याचा रस्ता आपल्या मुंबईवरून जातो. दानीएलाच्या दुसऱ्या अध्यायातला पुतळा सोने, रुपे, पितळ आणि मातीत मिसळलेले लोखंड अशा उतरत्या क्रमाचा आहे. ‘झंद-ई वहमन यश्त’ या पहलवी ग्रंथात जरथुष्ट्राला एक झाड दिसते. त्याच्या चार फांद्याही अशाच सोने, रुपे, पोलाद आणि भेसळीचे लोखंड यांच्या आहेत. हा ग्रंथ १८८० मध्ये इंग्रजीत आणणारे ई. डब्ल्यू. वेस्ट हे मुंबईत रेल्वेचे अभियंते होते. कान्हेरीची लेणी पाहता पाहता आणि पारशी दस्तुरांच्या सहवासात ते पहलवीकडे वळले. पुढे बेहरामगोर अंकलेसरिया यांनी त्याची मूळ संहिता संपादित केली. ती १९५७ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाली. जगभरचे विद्वान यहुदी कल्पनांवरच्या इराणी प्रभावाविषयी वाद घालतात तेव्हा हे ग्रंथ हाताशी असतात. अडचण एवढीच, की पहलवी ग्रंथ आज ज्या रूपात आहे ते रूप दानीएलाच्या हजारएक वर्षांनंतरचे आहे. त्यातले जुने किती आणि नंतरचे किती, हे वेगळे करणे कठीण. पांढऱ्या घोड्यावरच्या योद्ध्याचे ‘प्रकटीकरणा’च्या एकोणिसाव्या अध्यायातले वर्णन वाचताना आपल्याकडच्या कोणालाही कल्की आठवेल. पण आठवण होणे हा पुरावा नव्हे. साम्य पाहिले की उसनवारी मानायची घाई ज्याने आवरली, त्याच्याच तुलनेवर विश्वास ठेवावा.

श्वापदाला दिलेल्या ६६६ या संख्येचे कोडे मी लवकर संपवतो, कारण त्यावर गरजेपेक्षा फार शाई खर्च झाली आहे. हिब्रू अक्षरांना अंकांची किंमत असते. ‘नीरो कैसर’ हे नाव ‘नरोन कसर’ असे हिब्रूत लिहिले तर बेरीज ६६६ होते; शेवटचा ‘न’ गाळून लॅटिन वळणाने लिहिले तर ६१६. काही प्रतींत ६१६ आहे हे दुसऱ्या शतकात इरेनियस या बिशपला माहीत होते, आणि ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यांतून निघालेल्या एका पपायरसवर प्रत्यक्ष ६१६ च आढळते. तो पपायरस १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच नाव दोन्ही संख्या समजावून सांगते, यापेक्षा जास्त काय हवे? नीरो ६८ मध्ये मेला, पण तो पूर्वेकडून परत येणार अशी अफवा वीसेक वर्षे टिकून होती आणि तोतये नीरो उठत होते. पानिपतानंतरच्या सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची गोष्ट वाचलेल्या मराठी माणसाला ही मानसिकता समजावून सांगावी लागत नाही. प्राणघातक जखम बरी झालेले श्वापद ते हेच.

आता ज्या बदलाने या पुस्तकाचा अर्थ माझ्यापुरता पालटला, त्याकडे येतो.

पुस्तक सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या शेवटी, म्हणजे इ.स. ९५ च्या सुमारास लिहिले गेले, असे इरेनियस सांगतो; बहुतेक अभ्यासक तेच धरतात. त्यामुळे शतकानुशतके एक चित्र पक्के झाले. डोमिशियन हा दुसरा नीरो. त्याने ख्रिस्ती लोकांचा साम्राज्यभर छळ मांडला. पात्मच्या खाणीत दगड फोडणाऱ्या म्हाताऱ्या कैद्याने रक्ताळलेल्या बांधवांसाठी हे लिहिले. हे चित्र एकेका पुराव्यापाशी विरत गेले. डोमिशियनला काळा रंग फासणारे लेखक त्याच्यानंतर आलेल्या राजवटीचे आश्रित होते. साम्राज्यभर छळ झाल्याचा समकालीन दाखला नाही. इ.स. ११० नंतर बिथुनिया प्रांताचा सुभेदार धाकटा प्लिनी सम्राट ट्राजनला विचारतो की ख्रिस्ती लोकांचे खटले कसे चालवावेत, कारण अशा खटल्यांना आपण कधी हजरच नव्हतो. मोठा छळ होऊन पंधरा-वीस वर्षेच झाली असती, तर इतक्या अनुभवी वकिलाला हे विचारावे लागले नसते. पात्मवर कैद्यांच्या खाणी होत्या यालाही आधार नाही. आणि खुद्द योहानाच्या सात पत्रांत मारल्या गेलेल्या माणसाचे नाव एकच येते, पर्गमचा अंतिपा. लेनर्ड थॉम्पसन यांनी १९९० मध्ये हा सगळा पुरावा एकत्र मांडला. त्याआधी १९८४ मध्ये यार्ब्रो कॉलिन्स यांनी म्हटले होते की संकट होते ते योहानाच्या डोळ्यांना दिसलेले. बाहेरच्या सगळ्यांना ते तसे जाणवत नव्हतेच.

पहिल्यांदा वाटते, पुस्तकाखालची जमीनच गेली. छळ नव्हता, तर हा एवढा आक्रोश कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर सात पत्रांतच आहे, आणि ते छळापेक्षा अस्वस्थ करणारे आहे. लावदिकीयाच्या मंडळीवर कोणी तलवार उगारलेली नाही. ती श्रीमंत आहे, तिला कशाचीच उणीव वाटत नाही, आणि योहानाचा सर्वांत कडक शब्द तिलाच आहे. इ.स. ६० मध्ये हे शहर भूकंपाने कोसळले. रोमची मदत न घेता ते स्वतःच्या पैशावर उभे राहिले, अशी नोंद टॅसिटसने केली आहे. त्या शहराचा अभिमान त्या मंडळीतही उतरला असणार. गरीब आणि पिडलेल्या स्मुर्णाला मात्र योहान एकही दोष देत नाही. साम्राज्य आपल्याला मारील, ही भीती त्याला आहेच. त्याहून मोठी भीती ही, की साम्राज्य आपल्या लोकांना आवडू लागेल.

आणि ते आवडण्यासारखे होतेही. रस्ते बांधलेले, समुद्र चाचेमुक्त, व्यापार तेजीत. इफिसमध्ये इ.स. ८९-९० च्या सुमारास डोमिशियनच्या घराण्याचे मंदिर उभे राहिले. प्रांतातल्या शहरांनी आपापल्या नावाचे शिलालेख त्याच्या आवारात लावले. वर्गणी देण्यात चढाओढ होती. सक्ती कोणी केली नव्हती. स्थानिक धनिक, देवळांचे मानकरी, धंद्यांचे संघ आनंदाने पुढे आले. योहानाच्या दुसऱ्या श्वापदात, जे पहिल्याची पूजा लोकांकडून करवून घेते आणि ज्याच्या खुणेवाचून कोणाला घेता-विकता येत नाही, अनेक अभ्यासकांना ही स्थानिक प्रतिष्ठित मंडळीच दिसतात. मला ते पटते.

याच समृद्धीची दुसरी बाजू सहाव्या अध्यायात काळ्या घोड्यावर बसून येते. त्या स्वाराच्या हातात तराजू आहे, आणि गव्हाचा भाव पुकारला जातो: दिवसाच्या मजुरीएवढ्या एका दिनाराला एका माणसाचा एका दिवसाचा शिधा. तेलाला आणि द्राक्षारसाला मात्र हात लावायचा नाही. पिसिदियातल्या अंत्युखियात इ.स. ९२-९३ च्या सुमाराचा एक शिलालेख मिळाला आहे. कडक हिवाळ्यानंतर धान्य महागले तेव्हा सुभेदार अँतिस्तियस रुस्तिकस याने साठेबाजांना बजावले की एका मोदियसला, म्हणजे सुमारे आठ माणसांच्या शिध्याला, एका दिनारापेक्षा जास्त घेता येणार नाही. हिवाळ्याआधीचा भाव त्याच्या जवळपास निम्माच होता. म्हणजे योहानाचा भाव सरकारने टंचाईत बांधून दिलेल्या कमाल भावाच्याही आठपट आहे. बड्या जमीनदारांना गव्हापेक्षा द्राक्षमळे आणि जैतुनाच्या बागा फायद्याच्या. गरिबाची भाकर महागते आणि श्रीमंताचे पीक सुरक्षित राहते. हे दर्शन ज्याने लिहिले त्याला बाजारातले भाव ठाऊक होते.

अठराव्या अध्यायात हा हिशेब पुरा होतो. बाबेल पडली आहे. सात टेकड्यांवर बसलेली ही बाबेल म्हणजे रोम, हे कोणालाही लपलेले नाही. तिच्यासाठी रडणारे तीन प्रकारचे लोक आहेत: राजे, व्यापारी आणि खलाशी. व्यापारी रडतात ते आता आपला माल कोण घेणार म्हणून, आणि तिथे मालाची यादी येते. सोने, रुपे, रत्ने, मोती. तलम तागाची वस्त्रे, जांभळे कापड, रेशीम. आफ्रिकेतले सुगंधी लाकूड, हस्तिदंत, संगमरवर. दालचिनी, उटणी, धूप. द्राक्षारस, तेल, गहू. गुरे, मेंढरे, घोडे, गाड्या. एकूण २८ वस्तू. यहेज्केल संदेष्ट्याने सोर नगराविषयी केलेल्या विलापात अशीच यादी आहे, पण ती कोणत्या देशाकडून काय येते या क्रमाने लावलेली. योहानाने आपली यादी आपल्या काळाच्या आयातीवरून नव्याने बनवली. रिचर्ड बॉकहॅम यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात तिच्यातली एकेक वस्तू रोमन लेखकांच्या नोंदींशी पडताळून पाहिली आहे. थोरला प्लिनी, जो ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला, तक्रार करतो की भारत, चीन आणि अरबस्तान मिळून साम्राज्यातून दरवर्षी १० कोटी सेस्टर्स ओढून नेतात.

या यादीत आपलाही वाटा आहे. ‘पेरिप्लस’ हे ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याचे टिपण पहिल्या शतकाच्या मध्याचे. त्यात सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरे येतात; पैठणहून गोमेदाचे खडे आणि तगर म्हणजे तेरहून कापड गाड्यांवर लादून भरूचला कसे उतरते, तेही येते. भरूचहून निघणाऱ्या मालात हस्तिदंत आहे. पाँपेईच्या राखेत १९३८ मध्ये हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्या अगदी जवळच्या मूर्ती तेरला आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. योहानाने शोकगीतात मोजलेले हस्तिदंत कदाचित मराठवाड्यातल्या एखाद्या कारागिराच्या हातून गेलेले असेल. हे वाचून छाती फुगवण्याचा मोह होतो. पण यादी अजून संपलेली नाही.

तिच्या तळाशी, घोड्यांच्या आणि गाड्यांच्याही खाली, गुलाम आहेत. बाजारात ज्यांना नुसती शरीरे म्हणून मोजत त्यांच्यापाशी योहान थांबतो आणि जोडतो की हे माणसांचे जीव आहेत. त्या सगळ्या यादीत खुलाशाचे शब्द त्याने फक्त इथेच खर्च केले. आणि ‘पेरिप्लस’चे तेच पान उलटले की भरूचला उतरणारा माल दिसतो. राजासाठी चांदीची भांडी, उंची मद्य, गाणारे-वाजवणारे गुलाम, आणि अंतःपुरासाठी देखण्या मुली. हा राजा म्हणजे नाशिक, कार्ले आणि जुन्नरच्या लेण्यांतल्या लेखांमुळे आपल्याला माहीत असलेला क्षत्रप नहपान, असे सामान्यतः मानतात. लेण्यांतले ते लेख दानाचे आहेत. गावे, पाण्याची टाकी, भिक्षूंची वस्त्रे यांची व्यवस्था त्यांत कोरलेली आहे. दान देणाऱ्या त्या दरबाराच्या दुसऱ्या दाराने त्या मुली आत येत होत्या. बाबेल एका शहरात मावत नव्हती.

इतके मान्य करून मला या पुस्तकाच्या दुसऱ्या अंगाविषयीही बोलले पाहिजे. घोड्यांच्या लगामांपर्यंत चढणारे रक्त, प्रेतांवर तुटून पडणारे पक्षी, नागवी करून जाळलेली वेश्यारूपी नगरी. डी. एच. लॉरेन्सने आपल्या अखेरच्या पुस्तकात, जे त्याच्या मृत्यूनंतर १९३१ मध्ये निघाले, यात दुबळ्यांची दडपलेली सत्तेची भूक पाहिली. एलिझाबेथ श्यूस्लर फिओरेंत्सा यांनी १९८५ मध्ये उलट म्हटले की हा न्यायाचा आक्रोश आहे, आणि तो जिथून उठतो त्या जागेवर उभे राहूनच तो ऐकू येतो. वर्णद्वेषी राजवटीत तुरुंगवास सोसलेल्या ॲलन बुसाक यांनी १९८७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत लिहिलेले भाष्य या दुसऱ्या वाचनाचे प्रत्यक्ष उदाहरण आहे. पण टीना पिप्पिन यांनी १९९२ मध्ये विचारलेला प्रश्न तरीही उरतो: अन्यायाला स्त्रीचे शरीर देऊन मग त्या शरीराची विटंबना केली, तर ती मुक्ती कोणाची? मी श्यूस्लर फिओरेंत्सा यांच्या बाजूचा आहे, आणि पिप्पिन यांच्या प्रश्नाला माझ्याकडे पुरेसे उत्तर नाही. मध्यावर उभा असलेला मारला गेलेला कोकरा, जो मारून नव्हे तर मरून जिंकतो, हे त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे असे मला वाटते. उरलेले अर्धे योहानाला सापडले नाही.

हे सर्वांत स्पष्ट दिसते थुवतीरा शहराच्या पत्रात. सातांतले हे सर्वांत किरकोळ शहर, आणि त्याला सर्वांत लांब पत्र. तिथले शिलालेख म्हणजे कारागीर संघांची वहीच आहे: रंगारी, कातडी कमावणारे, कुंभार, विणकर, तांबट, भटारी. प्रेषितांच्या कृत्यांत येणारी जांभळे कापड विकणारी लुदिया इथलीच. गुलामबाजारातल्या व्यापाऱ्यांनी आणि दलालांनी कोरलेला एक सन्मानलेखही इथे मिळाला आहे. संघात राहायचे तर संघाच्या जेवणाला बसायचे, आणि जेवण देवाला नैवेद्य दाखवल्यावरच सुरू व्हायचे. जो बसणार नाही त्याला काम कोण देईल? या मंडळीत एक संदेष्टी होती. तिने या लोकांना सांगितले, जेवायला हरकत नाही. योहान तिचे नाव लिहीत नाही. जुन्या करारातल्या दुष्ट राणीवरून तिला ईजबेल म्हणतो, तिला रोगशय्येवर टाकण्याची आणि तिच्या लेकरांना मारण्याची धमकी देतो.

तिचे म्हणणे आपल्याकडे नाही, पण त्याचा अंदाज करता येतो. पौलाने करिंथकरांना लिहिले होते की मूर्ती म्हणजे काहीच नसते. बाजारातले मांस न विचारता घ्यावे, फक्त दुर्बळ मनाच्या बांधवाला ठेच लागू देऊ नये. देवळातल्या पंगतीला मात्र त्याचाही विरोध होता. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी ती उभी असावी. तिच्याभोवती जमणाऱ्यांत साम्राज्याचे लाभार्थी होते, तसे रोज हात रंगवल्याशिवाय चूल न पेटणारेही होते. लावदिकीयाच्या सावकाराला लावलेला निकष योहानाने रंगाऱ्यालाही लावला. बाबेलविषयी तो बरोबर होता; या बाईविषयी तो निर्दय होता, आणि एकाच माणसात या दोन्ही गोष्टी असू शकतात हे मान्य करूनच त्याला वाचावे लागते.

थुवतीराची गोष्ट तिथे थांबत नाही. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात शेजारच्या फ्रिगियात मोंटानसचा संप्रदाय उभा राहिला. त्याचा आवाज प्रामुख्याने प्रिस्किला आणि मॅक्सिमिला या दोन संदेष्टींचा होता. चौथ्या शतकातला एपिफेनियस सांगतो की ‘प्रकटीकरण’ नाकारणारे काही लोक म्हणत, थुवतीरात ख्रिस्ती मंडळीच उरलेली नाही, मग तिला पत्र लिहिणारे पुस्तक खरे कसे? त्यावर त्याचे उत्तर असे की ते शहर या संप्रदायाने गिळले होते, आणि ईजबेलचा उल्लेख याच बायकांची आगाऊ सूचना होती. बायका मात्र योहानाच्या पुस्तकाशी भांडत नव्हत्या. त्यातले नवे यरुशलेम स्वर्गातून खाली येणार, आणि ते आपल्याच डोंगराळ मुलखात, पेपुझा गावी उतरणार, असा त्यांचा भरवसा होता. त्या पेपुझाची जागा पश्चिम तुर्कस्तानात २००० साली विल्यम टॅबर्नी आणि पीटर लाम्पे यांच्या पथकाने निश्चित केली.